हारु गा किता: मुलांसोबत जपानी वसंतगीतं गाताना

टोकियोच्या एदोगावा भागात राहत होतो तेव्हा आमची लेक तिथल्या होइकुएनमध्ये, म्हणजे पाळणाघरात जायची. महिन्याच्या सुरुवातीला तिच्या दप्तरातून एक कागद घरी यायचा: या महिन्याची गाणी. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी बूट काढायच्या आधीच ती दारात उकिडवी बसली, दोन्ही तळवे डोक्यावर टोपीसारखे जोडले आणि गुणगुणत हळूहळू उभी राहिली. मला त्यातला एक शब्द कळला नाही. तिने माझे हात धरून माझ्या डोक्यावर ठेवले आणि मलाही खाली बसवलं. ते गाणं मी त्या संध्याकाळी शिकले. अर्थ दुसऱ्या दिवशी विचारला.

पुण्यात परतल्यावर जपानी शिकणाऱ्या, किंवा जपानला निघालेल्या घरांतल्या आईबाबांना ही गाणी शिकवताना मी तोच क्रम ठेवला: आधी अंग, मग ताल, मग सूर आणि शब्द सगळ्यात शेवटी. कागदावर शब्द लिहून, अर्थ पाठ करून, मग चाल लावायला गेलात तर मूल दुसऱ्या ओळीला उठून जातं. ही गाणी दोघांनी मिळून खेळायची म्हणूनच बांधलेली आहेत. एक जण विचारतो, दुसरा उत्तर देतो. एक जण हात पुढे करतो, दुसरा टाळी देतो.

कोणती गाणी आणि कधी

जपानी बालगीतांचे ढोबळ तीन प्रकार. ‘वाराबे-उता’ ही मुलांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आलेली खेळगाणी. ‘शोका’ ही मेइजी काळापासून (1868 ते 1912) शाळेच्या पुस्तकांत आलेली गाणी. ‘दोयो’ ही कवी आणि संगीतकारांनी मुलांसाठी मुद्दाम रचलेली. 1918 साली ‘आकाइ तोरी’ हे मासिक निघालं आणि या प्रकाराला बहर आला. सुरुवात वाराबे-उतांपासून करा. त्यांत मोजके सूर असतात, त्यामुळे तीन-चार वर्षांचं मूलही बेसूर होत नाही.

दुसरी गोष्ट ऋतूची. तिथे गाणं महिना बघून येतं आणि महिना सरला की जातं. फेब्रुवारीत थंडी असते, तेव्हा वसंताला बोलावणारी गाणी. मार्चच्या 3 तारखेला हिनामात्सुरी, बाहुल्यांचा सण. मार्चअखेर ते एप्रिल साकुरा, फुलपाखरं, नवीन शाळा (तिथलं शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं). मेच्या सुरुवातीला चहाची पानं खुडायचं गाणं. तुम्हीही हाच क्रम धरा, दोन आठवड्यांना एक गाणं. सहा गाणी एकाच रविवारी लावलीत तर एकही राहत नाही.

चौकटीची वही

गणिताची चौकटीची वही घ्या. जपानी भाषेत प्रत्येक अक्षराला सारखा वेळ मिळतो आणि हीच तिची ताल-पद्धत. दीर्घ स्वराचा लांबलेला भाग हे वेगळं अक्षर, शब्दाच्या शेवटचा ‘न्’ वेगळं अक्षर, जोडाक्षराआधीचा थांबाही वेगळा. म्हणून एका चौकटीत एकच मात्रा लिहायची. पुढे येणाऱ्या ‘हारु यो कोइ’ गाण्यातले हे दोन तुकडे बघा:

मि | इ | चा | न् | गा

मा | त् | ते | इ | रु

दोन्हींत पाच चौकटी. मुलाचं बोट धरून प्रत्येक चौकटीवर एकेक ठोका द्या. चाल लावायच्या आधी दोन दिवस एवढंच करा. बहुतेक ओळी सात आणि पाच मात्रांच्या जोडीने चालतात, ते बोटाला आपोआप कळतं. ‘न्’ला स्वतःची चौकट आहे हे एकदा बसलं की मूल ‘चान्’ एका ठोक्यात उरकत नाही.

मराठी जिभेला जपानी उच्चार सोपे जातात, फक्त तीन जागा सांभाळा. पहिली: जपानी ‘आ’ आपल्या ‘आ’सारखा उघडा पण आखूड. ‘साकुरा’ लिहिलं म्हणून ‘साऽकुराऽ’ ओढायचं नाही. दुसरी: आपल्याकडे ‘च’ दोन आहेत, ‘चहा’तला आणि ‘चूल’मधला. जपानी ‘त्सु’ म्हणजे ‘चूल’मधला ‘चू’, ऱ्हस्व करून. फुलपाखराचा ‘च्यो’ मात्र ‘चहा’च्या घरातला, म्हणूनच मी ‘चो’ न लिहिता ‘च्यो’ लिहिते, नाहीतर मराठी वाचणारा ‘चोर’चा ‘चो’ म्हणतो. तिसरी: कर्त्यानंतर येणारा ‘गा’ गाताना नाकातून, ‘ङा’कडे झुकवून म्हणतात. तो मुलांना शिकवत बसू नका. तुम्ही तसा म्हटलात की ती उचलतात.

डोक्यावर टोपी: ‘झुकुबोन्ज्यो’

लेकीने दारात केलेलं गाणं हेच. हे क्यूशू बेटावरच्या सागा भागातलं. झुकुबोन्ज्यो हा ‘त्सुकुशी’चा तिथला बोलीतला शब्द, वसंताच्या सुरुवातीला मातीतून वर येणारा एक कोंब, वर टोपी घातल्यासारखा.

झुकुबोन्ज्यो, झुकुबोन्ज्यो, झुक्किन् काबुत्ते देते कोरासाइ.

‘टोपरं घालून बाहेर ये’ एवढाच अर्थ. उकिडवं बसा, तळवे डोक्यावर जोडा, ‘देते कोरासाइ’ला हळूहळू उभे राहा. एक जण कोंब आणि दुसरा बोलावणारा, मग अदलाबदल. दोन वर्षांच्या मुलालाही पहिल्या दिवशी जमतं. पहिला आठवडा याच गाण्याला द्या.

वसंता, लवकर ये: ‘हारु यो कोइ’

माझं सगळ्यात लाडकं. सोमा ग्योफु या कवीचे शब्द, हिरोता र्युतारो यांची चाल, 1923 च्या सुमाराचं. ग्योफु राहायचे इतोइगावात, निगाता भागात. समुद्राकडून येणारे वारे तिथे हिवाळाभर बर्फ पाडत राहतात. नुकतं चालायला लागलेलं मूल अशा घरात महिनोन्‌महिने अडकून पडतं.

हारु यो कोइ, हायाकु कोइ,
आरुकि-हाजिमेता मिइ-चान् गा
आकाइ हानाओ नो ज्योज्यो हाइते
ओन्मो ए देताइ तो मात्ते इरु.

वसंता ये, लवकर ये. चालायला लागलेली मिइ-चान् लाल पट्ट्यांची चप्पल घालून बाहेर जायचं म्हणून वाट बघतेय. मिइ-चान् म्हणजे कवीची स्वतःचीच मुलगी, असं सांगतात.

यातले दोन शब्द नीट बघा. ‘ज्योज्यो’ म्हणजे चप्पल आणि ‘ओन्मो’ म्हणजे बाहेर, पण मोठ्या माणसांच्या बोलण्यातले हे शब्द नव्हेत. ते बाळाशी बोलायचे शब्द आहेत, आपण ‘भुर्र जायचं’ म्हणतो तसे. म्हणून मुलाला अर्थ सांगताना ‘बाहेर जायची इच्छा आहे’ म्हणू नका. ‘मिइ-चान्‌ला भुर्र जायचंय’ म्हणा. गाणं त्याच क्षणी घरातलं होतं.

गायची पद्धत अशी. मुलाची खरी चप्पल किंवा बूट दाराशी ठेवा. पहिल्या ओळीला दोघांनी हाताने बोलावायचं. जपानी खूण तळवा खाली करून बोटं हलवण्याची असते, तीच करा. दुसऱ्या ओळीला जागच्या जागी पावलं टाका. ‘ज्योज्यो हाइते’ला पाय चपलेत. चौथ्या ओळीला दाराची कडी धरून उभं राहायचं. आणि मग खरोखर बाहेर जायचं! रोज संध्याकाळी खाली खेळायला जाताना हे गाणं म्हटलंत तर आठवड्यात पाठ होतं, वेगळा वेळ काढावा लागत नाही.

मिइ-चान्‌च्या जागी मुलाचं नाव घाला. चौकटीची वही इथे उपयोगी पडते: मि-इ-चा-न् या चार मात्रा, म्हणजे ‘चान्’ सोडून नावाला दोन मिळतात. ‘मीरा-चान्’, ‘ओवी-चान्’, ‘निशा-चान्’ सहज बसतात. मुलग्याला ‘कुन्’ लावा, तेही दोनच मात्रा. नाव लांब असेल तर घरातलं हाकेचं नाव घ्या.

प्रश्न आणि उत्तर: ‘हारु गा किता’

हे 1910 सालच्या शालेय पुस्तकातलं गाणं. शब्द ताकानो तात्सुयुकी यांचे, चाल ओकानो तेइइची यांची.

हारु गा किता, हारु गा किता, दोको नि किता?
यामा नि किता, सातो नि किता, नो नि मो किता.

वसंत आला, वसंत आला, कुठे आला? डोंगरात आला, गावात आला, रानातही आला. हे मी ओढूनताणून जुळवलेलं नाही. दोन्ही भाषांची वाक्यं एकाच क्रमाने चालतात, क्रियापद शेवटी येतं आणि प्रत्यय नामाच्या मागे लागतात. ‘नो नि मो’ घ्या: नो म्हणजे रान, नि म्हणजे आपला ‘-त’, मो म्हणजे ‘-ही’. रान-आ-त-ही. मराठी मुलाला हे वाक्य उलटंसुलटं करून समजावायची गरज पडत नाही, म्हणून पहिली ओळ जपानीत आणि लगेच तीच मराठीत, अशी आलटून पालटून गाता येते.

खेळ सोपा आहे. ‘दोको नि किता’ तुम्ही विचारा, उत्तर मुलाने बोट दाखवून गायचं. दुसऱ्या कडव्यात फूल उमलतं (हाना गा साकु), तिसऱ्यात पक्षी गातो (तोरि गा नाकु), बाकी साचा तोच राहतो. चौथं कडवं तुम्ही रचा. आमच्याकडे ‘माम्मा’ने, म्हणजे बाळभाषेतल्या जेवणाने, एक कडवं केलं होतं आणि ते ताटावर बसल्याशिवाय कुणी म्हणत नसे.

साकुरा साकुरा

याला जरा वेळ द्या. मूळ गाणं एदो काळातलं, म्हणजे मेइजीच्या आधीचं, पुढे कोतो या तेरा तारांच्या वाद्यावर शिकाऊ लोकांना देत. 1888 साली टोकियोच्या संगीत विद्यालयाने काढलेल्या कोतोच्या पुस्तकात ते छापलं गेलं.

मराठी घरात पेटी असेल तर या गाण्याची गंमत काढून दाखवता येते. याचे सूर पाचच: सा, कोमल रे, मध्यम, पंचम, कोमल ध. म्हणजे भैरव थाटातल्या गुणकलीचेच सूर. माझ्या आईने हे गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डाळ निवडता निवडता थांबली आणि म्हणाली, ‘अगं, हा तर सकाळचा राग.’ तिला एक जपानी शब्द येत नव्हता, पण पुढच्या अर्ध्या तासात तिने चाल उचलली.

पांढरी तीन किंवा पांढरी चारचा सा घ्या. मुलांच्या गळ्याला चार बरी, कारण गाणं खाली मंद्र पंचमापर्यंत उतरतं.

साकुरा साकुरा: म म प, म म प
यायोइ नो सोरा वा: म प ध प, म पम रे
मिवातासु कागिरि: सा, मंद्र ध, सा रे, सा, सा-मंद्र ध, मंद्र प
कासुमि का कुमो का: दुसऱ्या ओळीसारखं
निओइ झो इझुरु: तिसऱ्या ओळीसारखं
इझाया इझाया: पहिल्या ओळीसारखं
मि नि युकान्: सा रे पम रे सा

सात ओळी, पण नव्याने शिकायच्या चारच. मुलाला आधी फक्त पहिली आणि सहावी द्या, मधल्या तुम्ही गा. ते आपल्या वेळेची वाट बघत कान देऊन बसतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी मधल्या ओळीही म्हणायला लागतं.

आपल्या गायकीची सवय असेल तर एक जपा. गुणकलीतला कोमल रे आणि ध आपण आंदोलित करतो, सुरांमधून मींड घेतो. इथे सूर सरळ, कोतोची तार छेडल्यासारखा येऊ द्या आणि विरू द्या. लय संथ. घाई केली की ‘कासुमि का कुमो का’ची मजा जाते.

त्या ओळीचा अर्थ: धुकं आहे की ढग? ‘यायोइ’ हा जुन्या पंचांगातला तिसरा महिना, साधारण आपल्या चैत्राच्या आसपास. नजर पोचेल तिथवर फुलं, धुकं की ढग कळत नाही, दरवळ येतोय, चला चला, बघायला जाऊ. हातांसाठी: ‘मिवातासु’ला कपाळावर तळवा धरून डावीकडून उजवीकडे बघा, ‘कासुमि’ला बोटं तरंगवा, ‘इझाया’ला एकमेकांचा हात धरून झुलवा. साकुरा दूर दक्षिणेला ओकिनावात जानेवारीतच फुलतो, टोकियोत मार्चअखेर आणि होक्काइदोला पोचेपर्यंत मे उजाडतो. भिंतीवर जपानचा नकाशा असेल तर गाणं संपल्यावर फुलं कुठवर आली ते दाखवा.

फुलपाखरू, झटपट

‘च्योच्यो’ ही चाल जर्मन बालगीताची आहे. इझावा शुजी अमेरिकेत शिकायला गेले होते, तिथे ल्यूथर व्हाइटिंग मेसन या संगीत-शिक्षकाकडे ती शिकले, आणि 1881 च्या पहिल्या शालेय गीतसंग्रहात ती जपानी शब्दांसह आली. सगळं गाणं सा ते प या पाच सुरांत बसतं. सुरुवात: प ग ग, म रे रे, सा रे ग म प प प. पेटीवर पाच बोटं एका जागी ठेवून वाजवायला मुलाचं पहिलं गाणं म्हणून हेच द्या.

फुलपाखरा, ‘ना’च्या पानावर बस; कंटाळलास तर साकुरावर बस. हे ‘ना’ मोहरीच्या कुळातलं, पिवळ्या फुलांचं. अंगठ्यात अंगठा अडकवून हातांचं फुलपाखरू करा आणि ‘तोमारे’ (बस) म्हटलं की मुलाच्या नाकावर, खांद्यावर, गुडघ्यावर बसवा. कुठे बसणार हे आधी सांगू नका.

फेर धरायचं गाणं: ‘हिराइता’

हिराइता, हिराइता, नान् नो हाना गा हिराइता?
रेंगे नो हाना गा हिराइता.
हिराइता तो ओमोत्तारा, इत्सु-नो-मा-नि-का त्सुबोन्दा.

उमललं, उमललं, कोणतं फूल उमललं? रेंगेचं, म्हणजे कमळाचं फूल उमललं. उमललं म्हणेतो, कळायच्या आत मिटलंसुद्धा. ही वाराबे-उता आहे. हात धरून गोल करायचा, गात गात फिरायचं, ‘त्सुबोन्दा’ला सगळ्यांनी मध्ये सरकत उकिडवं बसायचं. दुसरं कडवं उलटं, मिटलेलं फूल उमलतं, तेव्हा गोल पसरत जायचा.

आई साताऱ्याहून आमच्याकडे टोकियोला आली होती तेव्हा लेकीने तिला हे दाखवलं. आईला काही सांगावं लागलं नाही. भोंडल्याला धरतात तसा तिने फेर धरला, शेजारची जपानी आजीही आत आली आणि आमच्या सहा तातामींच्या, म्हणजे सहा चटयांएवढ्या, खोलीत चार बायकांचं कमळ तीनदा उमललं. त्या दोघी आज्यांना एकमेकींचं काही कळत नव्हतं. ‘त्सुबोन्दा’ मात्र दोघी एकदम म्हणाल्या.

घरात दोघंच असाल तर समोरासमोर बसून चारही हातांचं फूल करा. ‘ओमोत्तारा’त ‘त्ता’आधी क्षणभर थांबा, ‘पत्ता’ म्हणताना थांबतो तसं. ‘इत्सु-नो-मा-नि-का’ हळू आवाजात म्हणा, जवळजवळ कुजबुजत, आणि मग मिटा. मुलं त्या कुजबुजीसाठी गाणं पुन्हा मागतात.

गळा आणि आवाज

तयार वाद्यमेळावर मुलांना गायला लावायचं असेल तर आधी स्वतः मुलाच्या उंचीवर बसून ऐका. एकदा एका ॲपवरच्या उंच पट्टीच्या ट्रॅकवर मी लेकीला आठवडाभर गायला लावलं आणि ती ओरडून गायला शिकली. ते उतरवायला महिना गेला. लहान मुलाचा गळा साधारण पांढरी दोनपासून वर पाच-सहा सुरांत आरामात चालतो. तुमच्या नेहमीच्या पट्टीत न गाता त्याच्या पट्टीत गा, वाद्याशिवाय. बाबांनी आपल्या खालच्या सप्तकात गायलं तर मूल सहसा बरोबर वर पकडतं, तेवढी चिंता नको.

शब्द चुकला तर गाणं थांबवून दुरुस्त करू नका. पुढच्या खेपेला तुमच्या तोंडून बरोबर जाऊ द्या. हिनामात्सुरीचं आणि मासोळ्यांच्या शाळेचं (‘मेदाका नो गाक्को’, 1951 चं) अशी नंतरची गाणी मुलं आवडीने ऐकतात, ती ऐकता ऐकता येऊ द्या.

शेवटी टाळ्या: ‘च्यात्सुमि’

‘च्या’ म्हणजे चहा. शब्दाचं मूळ चिनी आणि आपल्याकडेही तोच आला. रिस्शुन् या वसंतारंभाच्या दिवसापासून अठ्ठ्याऐंशीवी रात्र, म्हणजे 1 किंवा 2 मे, तेव्हा दहिवराची भीती सरते आणि चहाची कोवळी पानं खुडतात. गाणं 1912 चं.

नात्सु मो चिकाझुकु हाचिजूहाचिया,
नो नि मो यामा नि मो वाकाबा गा शिगेरु.

उन्हाळाही जवळ आला, अठ्ठ्याऐंशीवी रात्र. रानातही डोंगरातही कोवळी पानं दाटली. ‘नो नि मो’ इथे परत भेटतं, ते मुलाला स्वतःहून ओळखू द्या. पुढच्या ओळींत मंजिष्ठाच्या लाल रंगाच्या दोरीने बाह्या बांधलेल्या, लव्हाळ्याची टोपी घातलेल्या पानं खुडणाऱ्या बायका दिसतात.

‘आपडी थापडी’ खेळलेल्या मुलाला हे लगेच येतं. समोरासमोर बसा, हात धरून ‘सेस्सेस्से नो योइ योइ योइ’ म्हणत झुलवा. मग प्रत्येक ठोक्याला: स्वतःची टाळी, उजव्या हाताला उजवा, स्वतःची टाळी, डाव्याला डावा. ओळ संपली की गाणं क्षणभर गप्प होतं, त्या रिकाम्या जागेत दोन्ही तळवे समोरच्याच्या तळव्यांवर दोनदा, तोन्-तोन्. मुलं आधी ही तोन्-तोन्‌च शिकतात, तेवढ्यावर दोन दिवस खेळू द्या. उजवा-डावा चुकत असेल तर लय निम्मी करा. जमलं की प्रत्येक फेरीला थोडी वाढवत न्या, हात गुंतून दोघंही मागे पडेपर्यंत.